वीरगळातला गळ

‘वीरगळ’ हा शब्द आपण मराठीत इतक्या सहज वापरतो की त्याच्या पोटात एक दगड आहे हे लक्षातच येत नाही. ‘वीर’ संस्कृत, त्यात अडचण नाही. पण ‘गळ’ कुठला? मासे पकडायचा तो नव्हे, आणि घरून पडतो तोही नव्हे. कन्नडमध्ये दगडाला ‘कल्लु’ म्हणतात. समासात ‘क’चा ‘ग’ होतो आणि ‘वीरगल्लु’ तयार होतो. तमिळमध्ये याच प्रकारच्या स्मारकाला ‘नडुकल’ म्हणतात, म्हणजे रोवलेला दगड. वारंगळच्या नावातही हाच दगड आहे. तेलुगूत ते ‘ओरुगल्लु’, एकशिळा. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. पानोपानी शब्दांशी झटापट करावी लागते, पण ‘वीरगल्लु’ आला की हात थांबत नाही. त्याचं मराठीकरण कुणीतरी शतकांपूर्वीच करून ठेवलेलं आहे, आणि तेही गावोगाव, शेताच्या बांधावर.

बंगळूरला राहायला आल्यावर हा शब्द मला रस्त्यात भेटू लागला. हेब्बाळ म्हणजे इथल्या बहुतेकांसाठी विमानतळाकडे जाताना गाडी जिथे तुंबते तो उड्डाणपूल. त्याच हेब्बाळात २०१८ साली रस्त्यालगतच्या खोदकामात एक दगड वर आला. त्यावर जुन्या कन्नड लिपीत काही ओळी आणि लढणाऱ्या माणसाची आकृती होती. अभ्यासकांनी त्याचा काळ सुमारे इ. स. ७५० ठरवला. गंग राजा श्रीपुरुष राज्य करीत असताना, पेर्बोळल-नाडूवर ‘रट्टवाडी’ चालून आली, तेव्हा कित्तय नावाचा माणूस लढला आणि इंद्रलोकात शिरला, असा लेखाचा आशय आहे. पेर्बोळल म्हणजेच आजचं हेब्बाळ. शहराच्या परिसरातला हा सर्वांत जुना कन्नड लेख मानतात. परिसरातल्या लोकांनी त्याच्यासाठी मंडप उभारला, आणि मीही एका रविवारी तो पाहून आले.

मला अडकवलं ते ‘रट्टवाडी’ने. अभ्यासक तिचा अर्थ राष्ट्रकूटांचा मुलूख किंवा त्यांचं सैन्य असा लावतात. राष्ट्रकूट म्हणजे ज्यांनी वेरूळचं कैलास लेणं कोरून घेतलं ते. शाळेच्या सहलीत आपण ज्यांच्या नावाने माना उंचावून कळस पाहतो, ते या दगडावर गावात घुसलेले हल्लेखोर आहेत. आणि ‘आपले’ म्हणावं तर त्यातही पेच आहे. याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला उपलब्ध ग्रंथांतला सर्वांत जुना ग्रंथ लिहिला गेला. कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरल्याचं त्यात सांगितलं आहे. म्हणजे आक्रमकांना मराठी ठरवून शरमायचं की कन्नड ठरवून हात झटकायचे, याचं उत्तर दगड देत नाही. त्याच्या दृष्टीने ते फक्त बाहेरून आलेले लोक आहेत.

पण त्या दगडाचं खरं मोल मला वेगळ्याच गोष्टीत वाटतं. ताम्रपट राजांचे असतात. त्यांत विशेषणांची इतकी गर्दी असते की माणूस दिसत नाही. वीरगळावर बहुधा कुठल्या तरी गावचा, इतिहासाला एरवी माहीत नसलेला माणूस असतो. गुरं पळवून नेणाऱ्यांच्या मागे धावला आणि मेला, गावाच्या वेशीवर उभा राहिला आणि मेला. बंगळूरच्या दक्षिणेला बेगूर नावाच्या गावातल्या, आता शहरात बुडून गेलेल्या, नागेश्वर मंदिरात सुमारे इ. स. ८९०चा वीरगळ आहे. त्यावर बेंगुळूरच्या लढाईचा आणि तिच्यात मेलेल्याचा उल्लेख आहे. होयसळ राजाला म्हातारीने उकडलेले दाणे खायला दिले म्हणून गावाला बेंदकाळूरु नाव पडलं, ही गोष्ट इथे रिक्षावालेही सांगतात. होयसळ बल्लाळाच्या तीनेकशे वर्षं आधी हे नाव दगडावर कोरलेलं होतं. गोष्ट अर्थातच थांबलेली नाही. गोड गोष्टी पुराव्याने मरत नाहीत.

महाराष्ट्रात आल्यावर मात्र हे दगड मुके होतात. आपल्याकडच्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही, फक्त चित्रं आहेत. ती खालून वर वाचायची. तळाच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, कधी शेजारी गुरं, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य किंवा कलश. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांवर तर जहाजांचं युद्ध आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरमध्ये त्यांचं सविस्तर वर्णन आहे. शिलाहार आणि यादव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. पण तिथे मेला कोण? एकाचंही नाव आपल्याजवळ नाही. वीरगळ ही कल्पना आपण घेतली, शब्दही घेतला, पण नाव कोरायची चाल आपल्याकडे फारशी रुजली नाही.

त्या रिकाम्या जागी मग गावाने आपलं नाव घातलं. चौकटीतला वीर कुठे मारुती झाला, कुठे वेताळ, कुठे भैरोबा. शेंदराचे थर चढत गेले आणि आकृती बुजली. पुरातत्त्वाचा अभ्यास करणारे यावर हळहळतात. मला ती हळहळ अर्धीच पटते. शेंदूर लागलेला दगड कुणी पायरीला लावत नाही. ज्याला शेंदूर लागला नाही, तो धुणं आपटायला गेला, गोठ्याच्या भिंतीत गेला, विहिरीच्या काठाला गेला. गैरसमजाने जितके वीरगळ वाचवले तितके ज्ञानाने वाचवले असतील असं मला वाटत नाही.

हे अशा पद्धतीने पाहायला आपल्याला शिकवलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. माणूस गणिती, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी, राहायला पुण्यात. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि डोंगरवाटांवर हिंडताना त्यांनी गारगोट्यांसारखी दिसणारी सूक्ष्मास्त्रं गोळा केली. मग म्हसोबा, वेताळ, मातृदेवी यांची शेंदरी ठाणी नोंदली, आणि ही ठाणी अनेकदा जुन्या वाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे असतात, हे दाखवलं. १९६२च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये ते सगळं आहे. भाविकाचा समज चूक की बरोबर हा त्यांचा प्रश्नच नव्हता. बाई आज या दगडाला नारळ का फोडते, ही गोष्टसुद्धा त्यांनी पुरावा म्हणून वापरली. तुलनात्मक साहित्य शिकताना आम्हाला असं वाचन पुस्तकांवर करायला सांगत. कोसंबींनी ते पायवाटेवर केलं.

आपण मात्र दगडाला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: पहिला कोणता? मराठीचा आद्य शिलालेख म्हणून श्रवणबेळगोळचा लेख अनेक पिढ्यांनी पाठ केला. गोमटेश्वराच्या पायाशी, चावुंडरायाने मूर्ती करवली, ही एकच गोष्ट कन्नड, तमिळ आणि मराठीत कोरलेली आहे. ‘करवियले’ हे आपलं क्रियापद तिथे कर्नाटकात उभं आहे. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचं वाचन शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असं केलं आणि मान तिकडे गेला. तो दगड रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं उघड्यावर होता. दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या अशा दगडांना आपण गधेगाळ म्हणतो. त्यातल्या ‘गाळ’मध्ये काहींना शिवी ऐकू येते, काहींना पुन्हा तोच कन्नड दगड. श्रवणबेळगोळचं श्रेय गेलं म्हणून खट्टू झालेली माणसं मला भेटली आहेत. मला तर वाटतं की वयाचा वाद बाजूला ठेवला तर तो लेख कितीतरी अधिक मोलाचा आहे. एकाच वाक्याचे तीन भाषांतले पाठ कुणीतरी शेजारी शेजारी कोरवून ठेवले, कारण वाचणारे तिन्ही भाषांचे येणार हे त्याला ठाऊक होतं.

बंगळुरात जन्मलेल्या बेंजामिन लुईस राइस या इंग्रजाने ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात, १९०५ साली, बंगळूर जिल्ह्यातले लेख गावानिशी छापले. आता काही हौशी मंडळी ती यादी हातात घेऊन गावं शोधतात, जी आता बसथांब्यांची नावं झाली आहेत. पुष्कळ दगड जागेवर नाहीत. रस्ता रुंद झाला, तळं बुजलं, इमारत उठली. हेब्बाळचा कित्तय राइसच्या यादीत नव्हता, कारण तेव्हा तो मातीखाली होता. आपल्याकडे गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की जुने दगड आधी पिंपळाच्या पारावर रचले जातात, मग कधीतरी ट्रॅक्टरमध्ये भरून ओढ्याकडे जातात. फरशा बसवून होईपर्यंत ते तिथे पडून असतात. तेवढ्या दिवसांत कुणी पाण्याची बादली आणि मोबाइल घेऊन गेलं, दगड धुतला, चारही बाजूंनी फोटो काढला आणि गावाचं नाव लिहून ठेवलं, तर राइसच्या वेळी झालं तेवढं काम पुरं होतं.