अ‍ॅनाबर्गचं गुऱ्हाळ



चातुर्मासात आपल्यातल्या कितीतरी जणी रसत्याग करतात. एक दिवस मीठ, एक दिवस तूप, एक दिवस साखर-गूळ. मला साखरेचा दिवस सगळ्यात जड जातो, चहामुळे. यंदा त्याच दिवसांत एका पडक्या साखर कारखान्याबद्दल वाचत बसले होते. ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

कॅरिबियन समुद्रात सेंट जॉन नावाचं छोटं बेट आहे. १९१७ पर्यंत ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं, मग अमेरिकेनं विकत घेतलं. तिथल्या डोंगरउतारावर अ‍ॅनाबर्ग नावाच्या मळ्याचे अवशेष आहेत. फोटो पाहिले आणि वाटलं, हे तर आपलं गुऱ्हाळच! पवनचक्कीचा दगडी मनोरा म्हणजे चरक. वारा पडला की जनावरं जुंपायची, त्याचं गोल जोतं शेजारीच. रस उतारानं खाली वाहत यायचा. खाली एकाच ओळीत काहिली, मोठीपासून लहान होत गेलेल्या. रस आटत जाईल तसा पुढच्या काहिलीत ओतायचा. चुलाणात जाळायला चिपाडंच. मळीपासून रम गाळायचे. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ होतं त्यांना यातलं काहीच समजावून सांगायला नको.

भिंतींत दगडांबरोबर पोवळ्याचे तुकडे आहेत, अजून नक्षीसारखे दिसतात. चुना पोवळी आणि शंख-शिंपले भाजून केलेला. आपण शंखाला द्वींद्रिय जीव म्हणतो, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. माणसांकडे नंतर गेलं, हे कबूल करते.

माणसं आफ्रिकेतून विकत आणलेली गुलाम होती. चरकात ऊस घालताना हात अडकला तर तोडायला काही मळ्यांवर कुऱ्हाड जवळच ठेवलेली असे. १७३३ मध्ये गव्हर्नर गार्डेलिननं कायदा केला: पळून गेलेल्याचा पाय तोडावा; मालकानं माफ केलं तर कान कापून दीडशे फटके. त्याच वर्षी दुष्काळ आणि वादळ, खायला काही नाही. नोव्हेंबरात काही गुलाम लाकडाच्या मोळ्यांत ऊसतोडीचे कोयते लपवून किल्ल्यात शिरले. मग जवळजवळ सहा महिने बेटाचा मोठा भाग त्यांच्याच हातात होता. शेवटी मार्टिनिकहून फ्रेंच सैनिक आले आणि बंड मोडलं. (अ‍ॅनाबर्गच्या आजच्या इमारती त्यानंतरच्या, १८०० च्या आसपासच्या.)

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा. बांधणं, मारणं, अवयव तोडणं, जास्त ओझं लादणं, अन्नपाणी अडवणं. पाठशाळेत शिकताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी बैल यायचा. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असलेल्या धंद्यांची यादी आहे. दोन पायांच्या आणि चार पायांच्या जिवांची विक्री त्यात आहे, मद्याची विक्री आहे, यंत्रात ऊस पिळणंही आहे. अ‍ॅनाबर्गला तिन्ही एका आवारात. पण आपल्याकडे तरी सगळं निर्मळ कुठं होतं? परिग्रह मोजताना धन-धान्याच्या जोडीला दासी-दास येतातच की.

अ‍ॅनाबर्गवरून समोर इंग्रजांचं टॉर्टोला बेट दिसतं. तिथं १८३४ मध्ये गुलामगिरी बंद झाली, इकडे चालूच होती. समोरच्या किनाऱ्यावर स्वातंत्र्य आणि मध्ये अरुंद समुद्र! रात्री चोरून होडीतून, काहीजण तर पोहत पलीकडे गेले. इकडे मुक्ती आली ३ जुलै १८४८ ला, तीही शेजारच्या सेंट क्रॉय बेटावर हजारो गुलाम रस्त्यावर उतरले तेव्हा.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येते. १७९१ मध्ये विल्यम फॉक्स नावाच्या माणसानं इंग्लंडमध्ये एक पत्रक काढलं, वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडा म्हणून. ते घरोघर पोहोचलं. घरात साखर आणायची की नाही हे ठरवणाऱ्या बायका होत्या, त्यांनी साखर सोडली. मतदानाचा हक्क त्यांना नव्हता, पण साखरेचं भांडं त्यांच्या हातात होतं. पुढे १८२० च्या दशकात लेस्टरमध्ये एलिझाबेथ हेरिक दारोदार फिरून हेच सांगत होत्या. ही साखर गुलामांच्या हातची नाही, असं लिहिलेली साखरेची भांडीसुद्धा निघाली. त्यांत भरायची ती आपल्या हिंदुस्थानातली साखर.

हा रसत्यागच झाला की! आपण करतो तो स्वतःच्या जिभेसाठी, कर्मनिर्जरेसाठी. त्या बायकांनी केला तो कधी न पाहिलेल्या माणसांसाठी. त्यात कमी-जास्त मी ठरवत नाही. पण माझ्या नियमाच्या दिवशी साखर आली कुठून हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, एवढं खरं.

आमच्या शेतात दरवर्षी बीडकडची ऊसतोड टोळी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती माणसं गुलाम नाहीत, मजुरी घेतात, हंगाम संपला की गावी जातात. पण उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नसते. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची सरकारी चौकशी झाली, ते वाचलं असेल तुम्ही. कामात खाडा नको, म्हणून.

गेल्या हंगामात त्यातली एक बाई पाणी मागायला दारात आली होती. मी तांब्या भरून दिला, वर गूळही दिला. नाव विचारलं नाही.