अक्षाचा कल आणि हवामान (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर)

ग्रहाचा परिवलन-अक्ष त्याच्या कक्षाप्रतलाच्या लंबाशी जो कोन करतो, त्यास अक्षाचा कल म्हणतात. पृथ्वीचा कल सध्या सुमारे 23.4 अंश आहे. प्राचीन भारतीय सिद्धांतग्रंथांत तो 24 अंश धरला असून त्यास परमक्रांती अशी संज्ञा आहे. ऋतू या कलामुळे होतात. सूर्यापासूनच्या अंतराचा त्यातील वाटा गौण आहे.

स्थानिक परिणाम : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तिन्ही शहरे सुमारे 19.2 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहेत. त्यामुळे येथे सूर्य वर्षातून दोनदा माथ्यावर येतो : 16 मे आणि 27 जुलैच्या सुमारास. मे महिन्यातील त्या दिवशी माध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच लोपते. यास शून्य सावली दिवस म्हणतात. जुलैमधील योग बहुधा ढगांमुळे दिसत नाही. 21 जूनच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या चार अंश उत्तरेस असतो व दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा होतो. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47 अंश चढतो व दिवस अकरा तासांचा राहतो.

मोसमी पाऊस : सूर्य उत्तरेकडे सरकू लागला की भारतीय भूभाग समुद्रापेक्षा लवकर तापतो, कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे येतो आणि समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून बरसतात. उल्हास नदी आणि बारवी धरण या पावसावरच भरतात. त्याचे उग्र रूपही या खोऱ्याने पाहिले आहे : 26 जुलै 2005 चा महापूर, तसेच 27 जुलै 2019 रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस, जिच्यातून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करण्यात आली. कल शून्य असता, तर येथील माध्यान्हीचा सूर्य बारमाही सुमारे 71 अंशांवर राहिला असता आणि ऋतूंनुसार फिरणाऱ्या या वाऱ्यांना कारणच उरले नसते.

दीर्घकालीन बदल : पृथ्वीचा कल सुमारे 41,000 वर्षांच्या आवर्तनात 22.1 ते 24.5 अंशांदरम्यान बदलतो. हिमयुगांच्या चक्रातील हा एक प्रमुख घटक आहे. सध्या तो घटत आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 (इ. स. 1060) मध्ये उभे राहिले, त्यानंतर कर्कवृत्त सुमारे 14 किमी दक्षिणेकडे सरकले आहे. सुमारे 10,000 वर्षांपूर्वी कल 24 अंशांहून अधिक होता आणि उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या अधिक जवळ येई. त्या काळी मोसमी पाऊस अधिक जोरदार होता आणि सहारात तळी व गवताळ प्रदेश होते.

वसतियोग्यता : कल फार लहान असल्यास ध्रुवप्रदेशांना ऊन कमी मिळून बर्फ साचत जातो. तो 54 अंशांहून अधिक झाल्यास वर्षभराच्या हिशेबात ध्रुवांना विषुववृत्तापेक्षा जास्त ऊन मिळते आणि ऋतू टोकाचे होतात. तरीही दाट वातावरण व महासागर असलेला असा ग्रह सजीवांना अयोग्यच ठरेल, असे नाही. युरेनसचा कल सुमारे 98 अंश असल्याने त्याच्या ध्रुवांवर 42 वर्षांचा दिवस व तितकीच रात्र असते. मंगळाचा कल आज सुमारे 25 अंश, म्हणजे पृथ्वीसारखाच आहे. पण लक्षावधी वर्षांच्या ओघात तो फार मोठ्या प्रमाणात बदलतो आणि त्याबरोबर तेथील बर्फही जागा बदलतो. खगोलशास्त्रज्ञ झाक लास्कर व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये गणिताने दाखवले, की पृथ्वीला असे हेलकावे बसत नाहीत ते चंद्रामुळे. शेती, नद्या आणि जंगले ज्या ऋतुचक्रावर विसंबून आहेत, त्याचा आधार हाच मध्यम व बराचसा स्थिर कल आहे.