कायद्यातली 'कोणतीही व्यक्ती'

पेटंटचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी हमखास हळदीवर येते. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या आज्यांना जे पाठ होतं ते सिद्ध करायला जुने ग्रंथ नि शोधनिबंध पुढे करावे लागले! ही गोष्ट सांगताना आपली छाती फुगते, आणि फुगावीच. पण त्या लढाईत आपल्या बाजूने एक मोठी सरकारी संस्था होती. एखाद्या साध्या माणसाला, एखाद्या रुग्णाला, पेटंटच्या कचेरीत जाऊन "हे देऊ नका" असं म्हणता येतं का? भारतात येतं. ते कसं आलं, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

थोडं मागे जाऊ. आपल्याकडचा पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा, कंपनी सरकारच्या अमदानीतला. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्यातल्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग नावाच्या साहेबाचा, आणि तो होता पंखा ओढणाऱ्या यंत्रासाठी. (पंखेवाल्याचं मत अर्थातच कुणी विचारलं नाही.) पुढे १९११ चा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं तोच चालू राहिला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली या कायद्याचा अहवाल दिला, तेव्हा दिसलं की देशातली ८० ते ९० टक्के पेटंटं परदेशी लोकांच्या हातात आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्पादन इथे होतच नाही. म्हणजे वस्तू बनवायची नाही, आणि दुसऱ्यालाही बनवू द्यायची नाही.

या अहवालातून १९७० चा कायदा आला, तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधावर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं. तेच औषध वेगळ्या कृतीने बनवायला मुभा! आपल्या औषध कंपन्या उभ्या राहिल्या त्या या मोकळ्या जागेत.

मग १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. औषधांवरही पेटंट द्यावं लागणार हे ठरलं, त्यासाठी भारताला २००५ पर्यंतची मुदत मिळाली. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने घाईघाईने वटहुकूम काढला. त्यात पेटंट मिळण्याआधी विरोध करणाऱ्याचा अधिकार बराच तोकडा होता. डाव्या पक्षांच्या पाठिंब्याशिवाय विधेयक पुढे जात नव्हतं, आणि त्यांच्या आग्रहातून एप्रिल २००५ च्या कायद्यात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, कलम ३ (ड): माहीत असलेल्या औषधाचं नुसतं नवं रूप आणलं आणि त्याने गुण जास्त येत नसेल तर पेटंट नाही. दुसरी, कलम २५ (१): पेटंट देण्याआधी 'कोणतीही व्यक्ती' लेखी हरकत घेऊ शकते. १९७० च्या कायद्यात तिथे 'हितसंबंध असलेली व्यक्ती' होती. एवढाच काय तो बदल, पण कचेरीचं दार त्यामुळे सगळ्यांना उघडं झालं.

त्या दारातून कोण आत आलं बघा. ग्लिव्हेक हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध. नोव्हार्टिस कंपनीचं औषध महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपयांना पडायचं, तर भारतीय कंपन्यांचं आठ-दहा हजारांत. नोव्हार्टिसच्या अर्जाला औषध कंपन्यांबरोबरच मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या कार्यालयाने अर्ज फेटाळला. लढाई वर चढत गेली आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने शेवटचा शब्द सांगितला: औषधाचा गुण म्हणजे रोगावरचा गुण. औषध शरीरात जास्त शोषलं जातं, एवढं दाखवून भागत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त भिडते. बेडाक्विलिन हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचं औषध. त्याचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं, पण जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या एका क्षारासाठी वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी २०१९ मध्ये हरकत घेतली. दोघी क्षयातून वाचलेल्या, आणि जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने दोघींची श्रवणशक्ती गेलेली. महाराष्ट्रातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनेचीही हरकत होती. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. एक बाई केपटाऊनच्या बाजूची, एक आपल्या मुंबईची... 'हितसंबंध' या शब्दाचा कीस पाडत बसले असते तर त्यांना आत येता आलं असतं का, कुणास ठाऊक!

आता दुसरी बाजू. उघड्या दारातून सगळेच सज्जन येत नाहीत. कुणाच्या तरी नावावर हरकती टाकून अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवायचे, असेही उद्योग झाले. संशोधकाच्या वीस वर्षांतली काही वर्षं अशी फुकट जातात, ही तक्रार खोटी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशाच एका प्रकरणात हरकतदाराला चांगलंच सुनावलं होतं.

मार्च २०२४ मध्ये नियम बदलले. पूर्वी या हरकतीला फी नव्हती, आता आहे. शिवाय हरकत दखल घेण्याजोगी आहे का, हे कंट्रोलर आधी ठरवतो. त्याच वर्षी जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही सांगितलं होतं की अर्जाची तपासणी ही कार्यालय आणि अर्जदार यांच्यातली बाब, हरकतदाराला त्यात भाग घेण्याचा हक्क नाही. वकील मंडळींच्या दृष्टीने हे कार्यपद्धतीचे बदल. मला ते तसे वाटत नाहीत. कायद्याचे शब्द तेच आहेत, 'कोणतीही व्यक्ती' अजून तिथेच आहे, पण आत शिरताना तिला आता खिसाही चाचपायला लागतो आणि उंबरठ्यावर थांबून परवानगीही घ्यायला लागते.

बनावट हरकत घेणाऱ्याला जबर दंड करा, खुशाल करा. पण खरी गरज असलेला माणूस सहसा आजारी असतो, त्याच्याकडे वेळ नसतो आणि पैसा तर त्याहून नसतो. चाळणी लावायचीच तर ती या माणसाला अडवणारी नको, एवढंच माझं म्हणणं. नियम करणाऱ्यांनी बेडाक्विलिनची फाईल एकदा समोर ठेवावी आणि त्या दोघी आजच्या नियमांतून सहज आत आल्या असत्या का, ते तपासून बघावं.

असो. वकिलीतली नातेवाईक मंडळी यावर माझी उलटतपासणी घेणार हे नक्की. घ्या बापडे, मी तयार आहे!