महासाथीच्या काळात कुष्ठरोग व क्षयरोग : घटलेल्या नोंदींचा अर्थ

चेन्नई : कोविड-१९ महासाथीच्या पहिल्या वर्षात देशातील कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांची नोंद सुमारे ४३ टक्क्यांनी घटली. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात २०१९-२० मध्ये १,१४,४५१ नवे रुग्ण नोंदविले गेले होते. २०२०-२१ मध्ये ही संख्या ६५,१४७ इतकी झाली. क्षयरोगाच्या नोंदीही २०१९ मधील सुमारे २४ लाखांवरून २०२० मध्ये सुमारे १८ लाखांवर आल्या.

ही घट रोग ओसरल्याचे लक्षण नव्हती. कुष्ठरोगाचा अधिशयन काळ सरासरी पाच वर्षांचा असल्याने काही महिन्यांच्या टाळेबंदीचा परिणाम नव्या रुग्णांच्या संख्येवर लगेच दिसणे शक्य नसते. प्रत्यक्षात रुग्णशोध थांबला होता. कुष्ठरोगाचा बधिर चट्टा दुखत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःहून दवाखान्यात येत नाही. त्याला घरोघरी जाऊन शोधावे लागते. हे काम करणारे आशा स्वयंसेविका व आरोग्य कर्मचारी त्या काळात कोविड सर्वेक्षणात गुंतले होते. क्षयरोग निदानाची ट्रूनॅट व सीबीनॅट यंत्रेही कोविड चाचण्यांसाठी वापरली गेली.

या दोन्ही रोगांच्या भारतातील इतिहासात चेन्नई परिसराला विशेष स्थान आहे. लगतच्या चेंगलपट्टू येथे केंद्र सरकारची कुष्ठरोग अध्यापन व संशोधन संस्था आहे. चेन्नईतील राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेची सुरुवात १९५६ मध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र म्हणून झाली. रुग्णालयाइतकेच घरी राहून घेतलेले उपचारही परिणामकारक ठरतात, हे या केंद्राच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. मात्र घरचे उपचार नियमित औषधपुरवठा व पाठपुरावा यांवर अवलंबून असतात. टाळेबंदीत नेमके हेच दुवे कमकुवत झाले.

कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावे लागतात. उपचार सुरू होताच संसर्गक्षमता झपाट्याने कमी होते. परंतु निदान लांबल्यास मज्जातंतूंची कायमची हानी होऊन हाता-पायांत व डोळ्यांत विकृती येऊ शकते. उपचारादरम्यान उद्भवणाऱ्या प्रतिक्रियांवर वेळीच इलाज न झाल्यासही हाच धोका असतो.

त्यानंतर नोंदी पुन्हा वाढल्या : २०२१-२२ मध्ये ७५,३९४, तर २०२२-२३ मध्ये १,०३,८१९. उशिरा सापडलेल्या रुग्णाचा रोग औषधांनी बरा होतो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणूनच पुढील साथीत एकाहून अधिक महिन्यांची औषधे एकदम देणे, रुग्णशोधासाठी काही मनुष्यबळ राखून ठेवणे आणि रुग्णाच्या निकटवर्तीयांची तपासणी सुरू ठेवणे ही किमान तयारी ठरते.