वऱ्हाडीला कुळाचा दाखला कशाला?

वऱ्हाडातल्या कुठल्याही महाविद्यालयात बोलीभाषेवर चर्चासत्र भरले की उद्घाटनाच्या भाषणात एक विधान हमखास येते. मराठीचा आद्य गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' आपल्या वऱ्हाडात आणि वऱ्हाडीतच लिहिला गेला, सबब वऱ्हाडी ही प्रमाण मराठीची लेक नव्हे, माय आहे. टाळ्या पडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, महानुभावांच्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले, आणि या विधानाला आणखीच जोर चढला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावात बोलीचा विषय निघाला तरी गाडी याच रुळावरून धावते.

पूर्वपक्ष आधी नीट समजून घेऊ. त्यामागचे दुखणे खरे आहे. 'पानी', 'शाया', 'मले' म्हणणाऱ्या पोराच्या वहीवर पिढ्यान्‌पिढ्या लाल शाईच्या रेघा ओढल्या गेल्या. 'अशुद्ध' म्हणून हिणवलेल्या माणसाने एकदम तेराव्या शतकात जाऊन थोरवी शोधावी, यात नवल नाही. पण दुखणे खरे असले म्हणून पुरावा पक्का होत नाही.

आता पुरावा तपासू. महानुभाव परंपरेप्रमाणे ज्यांच्या लीळा या ग्रंथात आहेत ते चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे. त्यांच्या लीळा गोळा करणारे म्हाइंभट आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सराळ्याचे. लीळा घडतात त्या पैठणला, गोदाकाठी, रिद्धपूरला आणि आपल्या जिल्ह्यातल्या लोणारलाही. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांच्या आठवणी विचारून विचारून हा ग्रंथ सिद्ध झाला. मूळ प्रत धाडीत गेली, पुढे ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असेही परंपरा सांगते. पोथ्यापोथ्यांतून पाठभेद आहेत. हे पाठ जुळवून १९७८ साली ग्रंथाची जाडजूड संपादित आवृत्ती काढणारे वि. भि. कोलते याच बुलढाणा जिल्ह्यातले, नरवेलचे. एवढ्या हातांतून आलेल्या ग्रंथावर एका प्रांताचा शिक्का मारायचा तर छाती मोठी लागते.

आणि भाषेचे काय? आजच्या वऱ्हाडीच्या दोन ठसठशीत खुणा कुणालाही सांगता येतील: 'मले, तुले, त्याले' मधला 'ले' आणि 'ळ'च्या जागी येणारा 'य'. लीळाचरित्रात या अर्थाने ठायीठायी भेटतात ते 'तें' आणि 'सि'. 'ळ' तर ग्रंथाच्या नावातच बसला आहे; आपल्या आजोबांनी त्याला 'लीया' म्हटले असते. यावर कुणी म्हणेल, लिहिताना 'ळ' असेल, बोलताना 'य' असेल. असेलही. पण मग लिखाणावरून बोली सिद्ध करण्याचा हक्क सोडावा लागतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही.

शिवाय या खुणा एकट्या वऱ्हाडच्या मालकीच्या नाहीत. 'ले' खानदेशात अहिराणीत आहे. 'ळ'चा 'य' बहिणाबाईंच्या लेवा गणबोलीत आहे, आणि ती बोली आपल्याच मलकापूर-नांदुऱ्याकडे घराघरात बोलली जाते. जिल्हा एक, बोली एक, अस्मिता एक, हे समीकरण व्यासपीठावर शोभते. रस्त्यावर टिकत नाही. घाटाखालचा खामगाव-शेगावचा माणूस आणि घाटावरचा देऊळगाव राजाचा माणूस एकमेकांना बोलण्यावरून ओळखतात. सिंदखेड राजाकडे गेले की बोलणे जालन्याकडे झुकते. खुद्द खामगाव तर कापसाने घडवलेले गाव. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा टाकला तो कापसासाठीच, आणि बाजारापाठोपाठ मारवाडी, गुजराती, उर्दू बोलणारी माणसे इथे नांदली. हर्रासात भाव पुकारला जातो, काट्यावर माप होते, अडत्याशी हिशेब होतो. त्या दोन-चार तासांत किती भाषा कानावरून जातात! हीच इथली खरी स्थानिक ओळख. ती शुद्ध नाही, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र पुराव्याच्याही पलीकडचा आहे. बोलीची किंमत तिच्या कुळावरून ठरते, हा नियम मुळात हिणवणाऱ्यांचा. 'आम्हीच मूळ' म्हणणारा तो नियम मोडत नाही, फक्त पंगतीत वरचा पाट मागतो. याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलणारी गावे आहेत. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. तिच्यात शेजारच्या कोरकूचे, मराठीचे, द्राविडी भाषांचे शब्द भरपूर; पण तिचा गाभा कुठल्याच ज्ञात भाषाकुळात बसत नाही. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तिला ना पोथी, ना यादवांचा दरबार. कुळाचा दाखलाच मागायचा तर निहालीने कोणत्या कचेरीत जावे? मरणपंथाला लागलेली भाषा आपल्या उंबरठ्यावर आहे आणि आपण धडधाकट वऱ्हाडीच्या नावाने गळा काढतो आहोत.

हो, धडधाकटच. मोट गेली, तिफण मागे पडली, तसे त्यांच्या भागांचे शब्दही गेले. अशा शब्दांच्या याद्या करून 'बोली मरते आहे' म्हणायचे, हा चर्चासत्रांतला दुसरा आवडता उद्योग. अवजार गेले की नाव जाते. व्याकरण जात नाही. आडतीवरचा माणूस आत्ता बोलवायचे तर 'ये' म्हणतो, आणि नंतरचे सांगायचे तर 'संध्याकायी येजो'. तत्काळची आज्ञा आणि पुढची आज्ञा यांना वऱ्हाडीने वेगळी रूपे दिली आहेत. प्रमाण मराठी दोन्हीकडे 'ये'वर भागवते. हा 'जो' मोबाइलवर बोलणाऱ्या विशीतल्या पोराच्या तोंडीही शाबूत आहे. लीळाचरित्राशिवायही हा भेद मोलाचाच आहे.

मग गौरव कशाने करायचा? वापराने. उद्धव शेळक्यांनी 'धग' (१९६०) मध्ये नायिका कौतिकचा सगळा उन्हाळा वऱ्हाडीत पेलला. तिथे कुणाला हसू येत नाही. सदानंद देशमुख याच जिल्ह्याचे. 'बारोमास'मधली शेतकऱ्याची घुसमट इकडच्या बोलीतच बोलते. गाडगेबाबा कर्ज, दारू, देवभोळेपणा यांवर बोलले ते याच बोलीत, आणि नोव्हेंबर १९५६ मधले त्यांचे मुंबईतले कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, कुणालाही ऐकता येते. उलट आपल्या चर्चासत्रांत सकाळचे निबंध कडक इस्त्रीच्या प्रमाण मराठीत वाचले जातात, आणि वऱ्हाडी येते ती जेवणानंतर, हास्यकवितेच्या रूपात. बोली गंभीर विचाराला पुरी पडत नाही, हे प्रमाणवाद्यांनी नुसते म्हटले होते. आपण ते दरवर्षी कार्यक्रमपत्रिकेत छापून देतो.

डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यात गावोगाव माणसांना बोलते करून एकेक रूप नकाशावर मांडले आहे. बोलीचे नाव आधी आणि पुरावा मागाहून, असा उलटा कारभार तिथे नाही. खामगावच्या विद्यार्थ्यांना हेच काम लहान प्रमाणात करता येईल. बोथ्याच्या जंगलातून घाट चढून बुलढाणा, पुढे चिखली, तिथून देऊळगाव राजा. वाटेतल्या प्रत्येक गावात म्हातारी माणसे आणि कॉलेजातली पोरे, दोघांनाही बोलते करायचे. 'मले' कोणत्या गावाशी थांबते आणि 'मला' कुठून सुरू होते, 'येजो' कुठवर जातो, हे टिपून आणायचे. आणि तो निबंध वाचायचा सकाळच्या सत्रात, वऱ्हाडीत.