सायकलचा पुढचा दिवा

सायकलचा पुढचा दिवा हे सायकलच्या हँडलवर किंवा पुढच्या फोर्कवर बसवले जाणारे प्रकाशसाधन होय. अंधारात त्याला दोन कामे करावी लागतात : स्वाराला रस्ता दाखवणे आणि इतरांना स्वार दाखवणे. दिवाबत्ती असलेल्या शहरी रस्त्यावर दुसरे काम महत्त्वाचे ठरते. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांतल्या गावरस्त्यांसारख्या अंधाऱ्या वाटांवर मात्र पहिले काम अधिक निकडीचे असते. त्यामुळे दिव्याची निवड किमतीवर किंवा नुसत्या प्रखरतेवर न करता रस्ता, वेग आणि ऋतू पाहून करणे इष्ट असते.

इतिहास

उंच चाकाच्या सायकलींच्या काळात चाकाच्या आसाला तेलाचा लहान कंदील टांगत असत. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सेफ्टी सायकल आली. पुढे अशा सायकली रूढ झाल्यावर दिवा हँडलच्या पुढे बसवला जाऊ लागला. १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्बाईडचे दिवे प्रचारात आले. त्यांत कॅल्शियम कार्बाईडवर थेंब थेंब पाणी पडून ॲसिटिलीन वायू तयार होई व तो जळून पांढरा, प्रखर उजेड मिळे. त्यानंतर टायरला घासून फिरणारा डायनॅमो आला. १९३०च्या दशकात चाकाच्या हबमध्येच बसवलेला डायनॅमोही बाजारात आला.

महाराष्ट्रात सायकल हे सर्वसामान्यांचे वाहन होते, त्या काळात रॉकेलची बत्ती आणि डायनॅमो हे दोन्ही प्रकार वापरात होते. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात दिवा न लावता जाणाऱ्या सायकलस्वारांना पोलीस अडवीत असत.

आजचे बहुतेक दिवे एलईडीचे असतात. निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी शक्य झाला. या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाशाची मोजमापे

दिव्याच्या वेष्टनावर बहुधा ‘ल्युमेन’चा आकडा छापलेला असतो. दिव्यातून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, हे तो सांगतो. तो प्रकाश रस्त्यावर किती पोहोचतो, हे ‘लक्स’ या एककावरून कळते. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक ल्युमेन प्रकाश पडला, तर तेथील दीपन एक लक्स असते. तुलनेसाठी, पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्यात जमिनीवर साधारण ०.१ ते ०.३ लक्स प्रकाश असतो.

अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक-चतुर्थांश होतो. एखादा दिवा १० मीटरवर ४० लक्स देत असेल, तर २० मीटरवर तो १० लक्सच देईल. म्हणून जास्त ल्युमेनचा पण इतस्ततः प्रकाश उधळणारा दिवा, कमी ल्युमेनच्या पण नेमक्या झोताच्या दिव्यापुढे फिका पडू शकतो.

वेग आणि दृष्टीचा पल्ला

दिव्याचा पल्ला थांबण्याच्या अंतरापेक्षा अधिक असला पाहिजे, हा निवडीचा मूलभूत निकष होय. खड्डा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार तेवढ्यात सुमारे ८ मीटर पुढे गेलेला असतो. कोरड्या रस्त्यावर थांबायला त्याला आणखी सुमारे ५ मीटर लागतात, म्हणजे एकूण अंतर १३ मीटर होते. ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड कमी होऊन हे अंतर १६ मीटर किंवा त्याहून अधिक होते. वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर कोरड्या रस्त्यावरही सुमारे २४ मीटर लागतात. ज्याच्या दिव्याचा उपयुक्त प्रकाश १० मीटरवर संपतो, त्याने वेग कमी करणे हाच उपाय उरतो.

झोताचा आकार आणि दिव्याची जागा

गोल झोताचा दिवा रस्त्याइतकाच प्रकाश झाडांवर आणि समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर टाकतो. त्याऐवजी वरची कड सपाट कापलेला झोत रस्त्यावर प्रकाश लांबवर पसरवतो आणि समोरच्याला दिपवत नाही. जर्मनीत रस्त्यावर वापरायच्या सायकलदिव्यांसाठी असाच झोत अपेक्षित असतो. अरुंद रस्त्यावर समोरचा चालक दिपून गेला, तर पहिला धोका सायकलस्वारालाच असतो. गोल झोताचा दिवा असल्यास तो किंचित खाली झुकवून बसवावा लागतो.

दिवा जितका खाली, तितक्या खड्ड्यांच्या आणि दगडांच्या सावल्या लांब पडतात व ते लवकर ओळखू येतात. डोक्यावरच्या दिव्याचा प्रकाश डोळ्यांच्या रेषेतूनच जात असल्याने सावल्या जवळजवळ दिसत नाहीत. धुक्यात व मुसळधार पावसातही तो प्रकाश थेंबांवरून परतून डोळ्यांवर येतो. पंक्चर काढताना किंवा वळणापलीकडे पाहताना मात्र डोक्यावरचा दिवा सोयीचा ठरतो.

ऊर्जास्रोत

पुन्हा भारित करता येणाऱ्या लिथियम-आयन विजेरीचे दिवे आज सर्वाधिक आढळतात. अनेक दिव्यांत १८६५० या मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा विद्युतघट असतो. ३.६ व्होल्ट आणि २,६०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या घटात सुमारे ९.४ वॅट-तास ऊर्जा मावते. एका वॅटमागे १०० ल्युमेन मिळतात असे धरल्यास ४०० ल्युमेनचा दिवा त्यावर साधारण दोन तास चालेल. एकाच लहान घटावर हजार ल्युमेन आणि पाच तास अशी दोन्ही आश्वासने एकत्र दिसली, तर ते गणित जुळत नाही हे ओळखावे.

डायनॅमोला भारित करावे लागत नाही. सायकलचे डायनॅमो सामान्यतः ६ व्होल्ट, ३ वॅटचे असतात. नाव डायनॅमो असले तरी त्यांतून निघणारी वीज प्रत्यावर्ती असते. टायरला घासणारा डायनॅमो पावसात घसरतो. हबमधील डायनॅमोला ही अडचण येत नाही, पण तो महाग पडतो. जुन्या पद्धतीच्या जोडणीत सायकल थांबताच दिवा विझतो. नव्या दिव्यांत धारित्र बसवून थांबल्यावरही काही काळ उजेड राहील अशी सोय केलेली असते.

पेण–रोहा परिसरातील परिस्थिती

पेण हे मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. रोहा कुंडलिका नदीकाठी वसले असून कोकण रेल्वेचा मार्ग तेथून सुरू होतो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. रात्रपाळीला जाणारे कामगार, संध्याकाळच्या शिकवणीहून परतणारे विद्यार्थी आणि पहाटे निघणारे दूधवाले यांचा प्रवास अंधारातच होतो. नोव्हेंबरअखेरीस येथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर.

या भागातील रस्त्यांचे स्वरूप एकसारखे नाही. पेणच्या खारेपाटात रस्त्याच्या कडेला शेते, बांध आणि खाड्या असतात. तेथे रस्त्याची कड दाखवणारा रुंद झोत उपयोगी पडतो. नागोठणे ते कोलाड दरम्यानच्या सुकेळी खिंडीत उतारावर वेग वाढतो, तेथे लांब पल्ल्याचा झोत लागतो. महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन दीर्घकाळ रेंगाळले. अशा अर्धवट कामांच्या ठिकाणी वळणरस्ते, खडी आणि अचानक बदलणारी पातळी रात्री दिसणे अवघड असते. मोकाट गुरे हाही नेहमीचा अडथळा असतो.

पावसाळ्यात ओले डांबर आरशासारखे वागते. दिव्याचा बहुतांश प्रकाश पुढे परावर्तित होतो, स्वाराकडे परत येत नाही. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर पुरेसा वाटणारा दिवा अपुरा पडतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली तर कोणत्याही दिव्याने कळत नाही.

जलरोधकता आणि निगा

‘आयपीएक्स४’ हा दर्जा सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण दर्शवतो. ‘आयपी६७’ दर्जाचा दिवा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. कोकणातल्या पावसात किमान पहिला दर्जा असावाच. भारित करण्याच्या छिद्रावरील रबरी झाकण नीट बसलेले नसेल, तर दर्जाचा उपयोग होत नाही. खारट, दमट हवेत धातूचे संपर्कबिंदू गंजतात. ते कोरड्या फडक्याने पुसून ठेवावे लागतात. घट कडक उन्हात ठेवू नये. दिवा दीर्घकाळ वापरायचा नसल्यास घट साधारण अर्धा भारित ठेवणे हितावह असते.

पूरक साधने

पुढचा दिवा मागून येणाऱ्या वाहनाला दिसत नाही. म्हणून मागे लाल दिवा, लाल परावर्तक आणि पेडलवरील पिवळे परावर्तक आवश्यक मानले जातात. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, परंतु त्यावरून अंतराचा अंदाज घेणे कठीण जाते; अंधाऱ्या रस्त्यावर पुढचा दिवा स्थिरच ठेवावा. दीर्घ पल्ल्याच्या ब्रेव्हे सायकलफेऱ्यांत रात्री पुढचा व मागचा दिवा आणि परावर्तक जाकीट बंधनकारक असते. रोज चार किलोमीटर जाणाऱ्यासही हा नियम तितकाच लागू पडतो. खर्च मर्यादित असल्यास पुढे मध्यम प्रखरतेचा, झोत नीट कापलेला दिवा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत मागचा दिवा घ्यावा. पुढे प्रखर दिवा आणि मागे अंधार, अशी जोडी टाळावी.