पन्नास आणि साठ

लॅमिंग्टन रोड म्हटला की जुन्या मुंबईकराला मिनर्व्हा आणि नाझ ही चित्रपटगृहे आठवतात आणि नव्याला तारांची भेंडोळी. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव या रस्त्याला मिळाले. पुढे ते बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे झाले, तथापि लोकांच्या जिभेवरून जुने नाव काही उतरले नाही. गिरगावाच्या उंबरठ्यावरच्या या रस्त्याला हल्ली एक निराळेच गिऱ्हाईक दिसते. चाळिशी गाठलेले, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा परदेशी व्हिडिओ गेम. "हा नव्या टीव्हीला लागेल का हो?" एवढाच त्याचा प्रश्न असतो. मी शाळेत शिकविणारा आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस. विजेच्या शास्त्रात माझी मजल मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे गेलेली नाही. परंतु या प्रश्नाच्या पोटात बराच इतिहास दडलेला आहे, आणि तो इतिहास वाचकांपुढे मांडावा असे बरेच दिवस मनात होते.

मूळ कारण घरातल्या विजेत आहे. अमेरिकेतला वीजप्रवाह सेकंदाला ६० वेळा हेलकावे घेतो, आपला आणि युरोपातला ५० वेळा. दूरचित्रवाणी प्रथम घडली तेव्हा चित्राची गती विजेच्या गतीशी जुळवून घेणे सोयीचे होते. तसे न केल्यास पडद्यावर काळे पट्टे सरकत. म्हणून अमेरिकेने ५२५ ओळींचे चित्र सेकंदाला ६० वेळा रेखाटावयाचे ठरविले. युरोपात ६२५ ओळी आणि ५० वेळा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते या दुसऱ्या पंथाचे. जपानची गंमत तर और आहे. त्या देशात पूर्वेकडे ५० ची आणि पश्चिमेकडे ६० ची वीज आजही नांदते. परंतु टीव्हीच्या बाबतीत साऱ्या देशाने अमेरिकेचा ६० च पत्करला.

क्योतो शहरातल्या निन्तेन्दो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे खेळयंत्र विकावयास काढले. असली यंत्रे आपल्याकडे आखातातून परतणाऱ्या मंडळींच्या सामानातून येत, नाही तर मुसाफिरखान्यातल्या दुकानांतून. घरी आणल्यावर पहिली अडचण विजेची. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा, आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. अधिऱ्या मुलाने तो तसाच खुपसला की धूर निघालाच! दुसरी अडचण चॅनेलची. हे यंत्र आपले चित्र जपानी टीव्हीच्या पहिल्या वा दुसऱ्या चॅनेलवर सोडी, आणि ते चॅनेल पडते नेमके आज आपण एफ.एम. रेडिओ ऐकतो त्या पट्ट्यात. आपल्या टीव्हीला त्या गावचा पत्ताच ठाऊक नव्हता. अमेरिकेहून आलेल्या यंत्राचे चित्र खुंटी पिळून पिळून एक वेळ सापडे, पण आवाज मुका. कारण चित्र आणि आवाज यांच्यातले अंतरही दोन्ही पंथांत वेगळे. मग मेकॅनिक यंत्र उघडून चित्र आणि आवाज आतूनच दोन तारांनी बाहेर काढून देई.

एवढे करूनही चित्र करड्या रंगात उमटे, कारण रंगाची लिपी निराळी. पण आमच्या लालबाग-परळला याचे दुःख फारसे नव्हते. ज्या १९८२ साली देशातला टीव्ही रंगीत झाला, त्याच साली १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्या घरात पगारच येत नव्हता तेथे रंगीत संच कोठून येणार? आमच्या चाळीत कृष्णधवल संच पुष्कळ वर्षे टिकले, आणि परदेशी खेळ त्यांनीच अधिक आपुलकीने सांभाळला. ओळी रेखाटण्याची गती दोन्ही पंथांत जवळजवळ सारखीच होती, तिकडे सेकंदाला १५,७३४ आणि इकडे १५,६२५. म्हणून पाठीमागची 'व्हर्टिकल होल्ड'ची खुंटी जराशी फिरविली की वरखाली पळणारे चित्र जागच्या जागी उभे राही. थोडे बुटके, पण उभे. गरिबाच्या संचाला रंग कळत नव्हता म्हणून त्याला परकेपणाही कळला नाही.

पुढे 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांची त्याच घराण्यातली यंत्रे आली आणि खेळ घराघरांत शिरला. कोपऱ्यावरच्या दुकानात तासाच्या भाड्याने खेळावयास मिळे. कॅसेट चालेना झाली की तिच्या तोंडात फुंकर मारावयाची. ही यंत्रे आपल्या ५० च्या चालीवर बसविलेली असत. परंतु आतले खेळ जपानात ६० च्या हिशेबाने रचलेले, आणि चित्र जितक्या वेळा रेखाटले जाईल तितकी पावले चालणारे. परिणामी १९८५ सालचा तो टोपीवाला मारिओ बहुतेक आपल्याकडे सहाव्या हिश्शाने संथ धावला, आणि त्याचे संगीतही तितकेच विलंबित वाजले. जपानी मुलाने १०० सेकंदांत ऐकलेली धून लालबागच्या मुलाने १२० सेकंद ऐकली. आम्हांला ते कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी काही बिघडले नसते.

आता त्या पिशवीकडे वळू. नव्या चपट्या टीव्हीला ५० आणि ६० दोन्ही समजतात. ते भांडण मिटले. नवे भांडण ओळींचे आहे. साधा टीव्ही एकदा विषम ओळी आणि एकदा सम ओळी रेखाटून चित्र पुरे करी. या खेळयंत्रांनी एक युक्ती केली. ती त्याच त्या सुमारे २४० ओळी दर वेळी पुन्हा रेखाटतात. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तातला कन्व्हर्टर मिळतो, त्याला ही युक्ती ठाऊक नसते. तो दोन वेगळी चित्रे एकात विणावयास जातो. मग धावणाऱ्या मारिओच्या कडा फणीसारख्या दिसतात. खेळाची जी पात्रे मुद्दाम एकाआड एक चित्रात लुकलुकत ठेवलेली असतात, ती कधी अर्धवट दिसतात, कधी गडप होतात. शिवाय चित्र पडद्यावर उशिरा येते. उडी मारावी आणि खड्ड्यात पडल्यावर ती दिसावी असा प्रकार! यावर उपाय म्हणून 'रेट्रोटिंक'सारखी खास यंत्रे निघाली आहेत. ती पुरे चित्र जमण्याची वाट पाहत नाहीत. एक ओळ आली की तिची दुप्पट करून लगेच पुढे धाडतात. टीव्हीवरही 'गेम मोड' लावावा लागतो.

अशा रीतीने एक अस्सल जपानी यंत्र नव्या पडद्यावर लागलेले मी दादरला पाहिले. चित्र आरशासारखे स्वच्छ होते. पण मारिओ असा धावू लागला की जणू त्याची शेवटची लोकल सुटत होती, आणि धून ऐकून माझ्या तोंडून निघाले, "जरा हळू!" वस्तुतः ती तिच्या खऱ्या चालीत होती. माझ्या कानात मात्र लालबागची चाल बसलेली होती, आणि खरे सांगावयाचे तर मला तीच अधिक गोड वाटते.

एका वस्तूपुढे मात्र सारे कन्व्हर्टर हात टेकतात, ती म्हणजे १९८४ सालच्या बदकांच्या खेळातली बंदूक. तिच्यातून काही सुटत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश पाहणारा डोळा असतो. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि तो चौकोन डोळ्याला दिसला तर नेम लागला. पिक्चर ट्यूबवर हे त्याच क्षणी घडते. नव्या पडद्यावर चौकोन येईपर्यंत बंदुकीने डोळा मिटलेला असतो. शिवाय ट्यूबवर सरकणाऱ्या किरणाची विशिष्ट थरथरच तिला ओळखता येते, आणि ती नव्या पडद्यात नाहीच. तेथे दुभाषा चालत नाही. समोर ट्यूबच हवी. ट्यूब बनविणारे कारखाने तर एकामागून एक बंद झाले. चोरबाजारात जुने संच अधूनमधून दिसतात, त्यांतल्या पुष्कळांचा एल.ओ.टी. गेलेला असतो, आणि चालू स्थितीतला संचसुद्धा मागच्या तांब्याच्या वेटोळ्यासाठी भंगारवाला फोडून टाकतो. म्हणून पिशवीतून यंत्राबरोबर बंदूकही निघाली की जाणता मेकॅनिक कन्व्हर्टर दाखवीत बसत नाही. तो विचारतो, "साहेब, गावच्या घरी एखादा डब्बा टीव्ही उरलाय का?"